चुंबळीवरचा मामा

अन्याय झाला तो माझ्या मामावर. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला त्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या करीला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, गोरेगावच्या जीपस्टँडवर, भर गर्दीत. करणारा कोण ते शेवटासाठी राखून ठेवत नाही, तो मीच. पण आधी मामा कोण ते सांगायला पाहिजे, कारण गोरेगाव ते हिंगोली या सबंध रस्त्यावर त्याच्याएवढा विनयी माणूस झाला नाही, अशी त्याची ख्याती होती. लग्नात तो पंगतीला बसत नसे, वाढायला उभा राही. सरपंचाने खुर्ची पुढे केली तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तासभर बोले, पण टेकत नसे. "खुर्चीचा मोह नसलेला माणूस पाहायचा असेल तर आमच्या मामाकडं पहा," असं एका पुढाऱ्याने भाषणात सांगून टाळ्यासुद्धा घेतल्या होत्या. मामा त्या सभेलाही उभाच होता. खरं कारण मामीला ठाऊक होतं आणि तिच्याकडून मला. मामाला मूळव्याध होती. हा शब्द मी मुद्दाम सरळ लिहितो आहे. लाजून लाजूनच या शब्दाने इतकी माणसं उभी ठेवली आहेत.

आता उभं राहण्याची हौस असणाऱ्या माणसाने धंदा कोणता करावा, तर जीप चालवण्याचा. मामाची काळी-पिवळी पहाटे पाचला पहिल्या नंबरात लागायची. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं बसत, त्यामुळे आमच्याकडचे सगळेच ड्रायव्हर अर्धे दाराबाहेर लटकून गाडी हाकतात. मामा एका कुल्ल्यावर बसतो यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, उलट ती त्याची ऐट समजली गेली. पण त्याच्या बुडाखाली काय होतं ते मात्र लपलं नाही. बाया डोक्यावर हंडा ठेवण्याआधी कापडाची गोल चुंबळ ठेवतात ना, ती. मामीने जुन्या लुगड्याची वळून दिलेली, मधोमध भोक असलेली. "मामा, चुंबळ हाय, हंडा कुठं राहिला?" असं रोज कुणीतरी विचारायचं आणि मामा गिअर टाकत म्हणायचा, "हंडा तूच की. बस मागं."

दुखण्याचा इतिहास जुना. आमचा जिल्हा परभणी होता त्या काळात परभणीलाच त्याचं एक ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर सज्जन होता. त्याने कागदावर लिहून दिलं: पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा, तिखट कमी करा, कळ आली की दाबू नका, जोर करू नका, एका जागी फार वेळ बसू नका, रोज कोमट पाण्यात बसा. मामाने तो कागद जीपच्या काचेच्या वरच्या फळीला देवाच्या फोटोशेजारी चिकटवला आणि चार महिने त्याबरहुकूम वागला. अंबाडीची भाजी खाऊन खाऊन त्याचा चेहरा हिरवा पडला असं मामी सांगते. घरामागे सिमेंट कालवायच्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन हा धिप्पाड माणूस गुडघे छातीशी धरून बसायचा, आणि गल्लीतून कुणी हाक मारली की मामी सांगायची, "पूजेला बसलेत." चार महिन्यांनी मामा बरा झाला. मग पुन्हा पाचचा नंबर आला. पाचला नंबर म्हणजे टमरेल घेऊन जायची वेळ गेली. नंबर सोडून गेलं तर मागची जीप पुढे लागते. पाणी प्यालं तर मधेच उतरावं लागतं, म्हणून पाणी बंद. स्टँडवर संडास नाही, तेव्हा नव्हता. दुपारी भजी आणि ठेचा. दुखणं वर्षाच्या आत परत आलं, चुंबळ परत आली. मी कागदाकडे बोट दाखवलं तर मामा म्हणाला, "त्यात लिव्हलेलं सगळं बराबर हाय. पण डॉक्टरला नंबर लावावा लागत न्हाई." पुढं मी वाटलेल्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढं शहाणपणाचं वाक्य मी वाचलेलं नाही.

मग मुळी आली. शिरड शहापूरच्या बाजूला एक म्हातारा मुळी द्यायचा. रविवारी उगवतीकडे तोंड करून केळात घालून खायची. पैसे घेत नसे, फक्त एक अट असे: दुखण्याचं नाव काढायचं नाही आणि मुळी खातो हे कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. मामाने ही अट प्राणापलीकडे पाळली. डॉक्टरला दाखवणं म्हणजे सांगणं, म्हणून डॉक्टर बंद. घमेलं दिसलं तर लोक विचारणार, म्हणून घमेलं बंद. सात वर्षं तो मुळी खाऊन गप्प राहिला. मधूनमधून रक्त जायचं, मधूनमधून थांबायचं. थांबलं की मुळीचा गुण, गेलं की कुठंतरी बोललो असंन, असा त्याचा हिशोब.

आणि मी कोण होतो, तर विशीतला, अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत पत्रकं वाटणारा, गावोगावी भोंदूगिरी उघडी पाडणारा. दाढेतली कीड काढून दाखवणाऱ्याची हातचलाखी मी स्वतः करून दाखवायचो, टाळ्या घ्यायचो. मुळी मामीच्या नजरेतून सुटली नव्हती, तिच्याकडूनच मला कळलं. मामाला मी तीन महिने एकट्यात गाठून समजावलं आणि तो तयार झाला. करीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या सर्जनकडे जायचं ठरलं. करीच्या दिवशी मात्र गोरेगावच्या स्टँडवर आमचा कार्यक्रम होता. मी मुळी-ताईतांवर बोलत होतो. गर्दीतून एक जण म्हणाला, "पोरा, मुळीनं गुण येते. काहून उगं बोलून राहिला?" माझं डोकं फिरलं. समोर जीपला टेकून मामा उभा होता, कौतुकाने ऐकत होता. मी म्हणालो, "कुणाला आला गुण? हा माझा सख्खा मामा. सात वर्षं मूळव्याधीची मुळी खातो. विचारा त्याला, चुंबळ कशाला लागते ते."

मग कुणीतरी म्हणालं, "असं हाय व्हय. म्हणून मामा उभं राहते." आणि सगळा स्टँड हसला. मी मुद्दा जिंकलो होतो. मामा जवळ आला, रागावलेला नव्हता, घर जळताना पाहावं तसा चेहरा होता. एवढंच म्हणाला, "भाच्या, आता गुण गेला."

दुसऱ्या दिवशी तो सर्जनकडे आला नाही. त्यानंतर चुंबळही दिसली नाही. उघड्या सीटवर, दोन्ही कुल्ल्यांवर, ताठ बसून तो जीप हाकू लागला, आपल्याला काही झालेलं नाही हे लोकांना दिसावं म्हणून. स्टँडवरची टमरेलवाली माणसं हसतात म्हणून फेरी संपल्यावर बाहेर जाणंही टाळू लागला, दाबून धरू लागला. रक्त वाढलं. मामीने विचारलं तर म्हणे, "सांगितलं ना त्यानं. आता जाणारच." मी शंभर वेळा समजावलं असतं की सांगण्याने रक्त जात नाही. पण माझ्या सांगण्यानंतरच ते वाढलं होतं, हे मी कुठल्या तोंडाने खोडणार होतो? चक्कर यायला लागली तेव्हा तो एकटाच दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टरला म्हणाला, कंबर दुखते. कंबरेच्या गोळ्या आणि टॉनिक घेऊन परतला.

दोन वर्षांनी सेनगावच्या अलीकडे भरली जीप चालवताना त्याचे डोळे मिटले. जीप हळूच जाऊन बाभळीला टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मामा तेवढा स्टिअरिंगवर पांढराफटक पडलेला. हिंगोलीला नेलं. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिलो, आत जायची हिंमत झाली नाही. मामी आत गेली. मामाने कंबर म्हणायला तोंड उघडलं तसं तिने पदर खोचून सांगितलं, "साहेब, कंबर-बिंबर काई न्हाई. ह्यांच्या बुडातून रक्त जाते, लई वर्षं झाले. तपासून पहा." आख्खा वॉर्ड ऐकत होता. कुणी हसलं नाही. आमच्या चळवळीने कधी केलं नाही ते काम तिने दोन वाक्यांत केलं. डॉक्टरने तपासलं. रक्ताच्या बाटल्या चढल्या, ऑपरेशन झालं, मामा वाचला. पण बाभळीची गोष्ट रस्त्यावर पसरली होती. त्याच्या जीपमध्ये कुणी बसेना. रिकामी जीप नंबरात किती दिवस उभी करणार? विकली.

आता तो पाणी पितो, अंबाडी खातो, कळ आली की जातो. दुखणं परत आलेलं नाही. पाचला उठायचं कारण राहिलं नाही, तेव्हा डॉक्टरचा कागद पाळणं सोपं झालं. परवा त्याच्या ओसरीवर गेलो तर खांबाला टेकून उभा होता. मी खुर्ची पुढे केली. म्हटलं, "मामा, आता बसता येते ना?"

"येते ना. चांगलं येते," तो म्हणाला आणि रस्त्याकडे पाहत राहिला. हिंगोलीची जीप चालली होती, ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकलेला. "पण बसून जाऊ कुठं, भाच्या?"

आता तुमच्याकडे मागायचं आहे ते मागतो. तुमच्या घरात, तुमच्या स्टँडवर, पंगतीत न बसता वाढायला उभा राहणारा कुणीतरी असेल. त्याचा विनय वाखाणू नका. त्याला एकट्यात विचारा, चारचौघांत नाही. आणि दवाखान्यात त्याच्याबरोबर बाहेरच्या ओट्यापर्यंत नाही, आतपर्यंत जा. तो कंबर म्हणेल. तुम्ही खरं सांगा.