वाघवाले मास्तर

हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मंग ऐका. मी वाघ बघितलाय. सोताच्या डोळ्यानं. हां, बघा, हसलात की!

आमचे वडील, आबा, जन्मभर मेंढरं राखायचे, पिंगळीच्या शिवारात. मी लहान असताना एक दिवस मालकाचा मेंढा गेला अन् आबा सांगत आले, वाघानं नेला. आता परभणीच्या माळावर वाघ? अख्खं गाव हसलं. मालक म्हणले, "वाघ कशाला, तूच कापून खाल्लास!" तवापासून आबाचं नाव पडलं, वाघवाला. अन् मी शिकून मास्तर झालो तरी पारावर चारचौघांत म्हणायचो, "लांडगा आसंल आबा. उगं कायबी सांगू नका."

तीस वर्षं म्हणलो हो!

मंग एकदा जेवता जेवता आबा म्हणले, "बाळू, मला एकदा वाघ दाव. मी बघितला त्यो ह्योच व्हता का, आता माझं मलाच उमजंना झालंय."

 सुट्टी लागल्याबरोबर आबाला घेऊन निघालो. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एस.टी. कवा बंद पडंल नेम न्हाई. तरी पॅसेंजरनं नांदेड, तिथून एस.टी.नं चंद्रपूर अन् म्होरं वाघाचं जंगल. वाटंनं माझी शिकवणी चालू.

"आबा, जंगलात गाडीत वरडायचं न्हाई."

"न्हाई वरडत."

"मेंढरामागं करता तसं हाड हाड तर बिलकुल न्हाई. मोठी मोठी माणसं असत्यात तिथं. माझी इज्जत हाय."

"बरं बाबा."

"अन् ती काठी द्या हिकडं."

काठी घेऊन मी माझ्या मांडीवर ठेवली. बघा किती हुशार माणूस!

उघडी जीप, मागच्या बाकावर आमी दोघं. गाईड म्हणला, "वाघ दिसला तं आवाज नाय करायचा." मी लगेच आबाकडं बोट केलं. "ह्यांना सांगा!"

सकाळची फेरी वाया गेली. दुपारच्या फेरीला गाडी पाणवठ्यापाशी थांबली. सगळ्यांचे डोळे पाण्याकडं. मी आबाला दटावलं, "तिकडंच बघा. मान हलवायची न्हाई." बिचारे पापणी न हलवता बघायले. अन् मी सहज मागं वळलो.

दहा हातावर! बांबूच्या बेटातून तोंड बाहेर काढलेलं, पिवळंजर्द, काळे पट्टे, अन् बघायलंय कुठं, तर माझ्याकडंच!

आता मास्तर झाला म्हणून काय झालं? लहानपण मेंढरामागं गेलेलं, ते अंगातून जातंय व्हय? आभाळ फाटंल अशी आरोळी ठोकली, "हाऽऽड! हाऽऽड! हुर्रर्र!" अन् काठी दिली भिरकावून.

सगळी गाडी वळली. नुसता बांबू हलायला.

"काहून वरडले जी मास्तर?" गाईड कावला.

"वाघ! वाघ व्हता!"

त्यानं उतरून बघितलं. वाळल्या पाल्यात ठसा उमटतोय व्हय? "डुक्कर असन," म्हणला. म्होरची एक बाई फणफणली, "अशा माणसांना गाडीत घेतातच कशाला!" फेरी तिथंच संपली. अन् आबा? आबा अजून पाण्याकडंच बघायले. मान हलवायची न्हाई, असं मीच म्हणलो होतो ना! तोंड काळं करावंसं वाटलं मला.

गावात पाय ठेवला तर पारावर सगळे वाटच बघायलेले. "काय वाघवाले, दिसला का?"

आबा म्हणले, "मला न्हाई. मास्तरला दिसला."

पार नुसता खदखदला. "लांडगा आसंल मास्तर! उगं कायबी सांगू नका!" आता शाळेतली पोरंबी माघारी मला वाघवाले मास्तर म्हणत्यात. बापाची जमीन मिळाली न्हाई, नाव तेवढं मिळालं.

पारापासून घराकडं निघालो. काठी जंगलात राहिलेली, म्हणून आबा माझ्या खांद्याला धरून चालायले. मधीच थांबले.

"बाळू, पट्टे व्हते का रे?"

"व्हते आबा. काळेभोर."

"मंग वाघच."

अन् चालायला लागले. लगेच इश्वास ठेवला हो माझ्यावर! अन् मी तीस वर्षांत त्यांना एकदाबी इचारलं नव्हतं, आबा, पट्टे व्हते का म्हणून.