न गोठलेलं पाणी

परभणीच्या सरकारी शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी आमचं फाटलं. आमचं म्हणजे माझं आणि विज्ञानाच्या मोठ्या मास्तरांचं. पन्नाशीचे, उंच, काळ्या शेरवानीतले गृहस्थ. राज्य निजामाचं होतं, शिकवणं सगळं उर्दूतून. मी राणीसावरगावच्या लिंगायत वाण्याचा मुलगा. हैदराबादेत शिकून पदवी घेतली होती, उर्दू लिहा-वाचायला कुठे अडत नव्हतं, पण बोलायला लागलो की गावाकडचा हेल लपत नसे.

मास्तरांच्या खोलीत मी चार वाक्यं बोललो असेन. मोठ्या मास्तरांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं.

"आपकी उर्दू से ज्वार की बू आती है," ते म्हणाले.

बाकीचे मास्तर हसले. मला राग आला आणि मी मराठीतच म्हणालो, "ज्वारी खाऊनच वाढलोय, जनाब."

"यहाँ मराठी नहीं चलेगी." त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

खरं म्हणजे ते स्वतः मराठी घरातले. आडनावावरूनच कळायचं. पण त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द शाळेत कुणी ऐकला नव्हता. घरी बायकोशीसुद्धा उर्दूच बोलतात असं चपराशी सांगायचा. माझी जागा त्यांना त्यांच्या पुतण्यासाठी हवी होती, हेही मला त्याच्याकडूनच कळलं.

विज्ञानाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे. आत काचेच्या नळ्या होत्या, बरण्या होत्या, उष्णतामापक होते. मी मागायला गेलो की उत्तर ठरलेलं, "बच्चे तोड़ देंगे." मुलांनी त्या वस्तू कपाटाच्या काचेतून पाहायच्या आणि व्याख्या पाठ करायच्या, अशी त्यांची पद्धत.

वरच्या वर्गाला मला द्रावणं शिकवायची होती. द्रावण म्हणजे 'महलूल', गोठणबिंदू म्हणजे 'नुक्ता-ए-इंजमाद'. पोरं डोलत डोलत म्हणायची की महलूलचा नुक्ता-ए-इंजमाद खालिस, म्हणजे शुद्ध, पाण्याच्या खाली असतो. पण म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारलं की तेच वाक्य पुन्हा डोलत म्हणून दाखवायची. अर्धा वर्ग खेड्यापाड्यातला होता. त्यांच्या घरात उर्दूचा वारासुद्धा नव्हता.

एक दिवस मी दार लोटून घेतलं आणि मराठीत बोललो. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात मीठ विरघळवलं तर ते शून्यालाही गोठत नाही, आणखी थंड करावं लागतं. जितके जास्त कण पाण्यात मोकळे होतील तितका गोठणबिंदू खाली जातो. कण कशाचे आहेत यापेक्षा ते किती आहेत याला महत्त्व. पुढच्या बाकावरच्या दोघातिघांचे चेहरे उजळले. मागच्या बाकावर जिनिंगवाल्याचा मुलगा बसायचा. माझी नक्कल करण्यात तो पटाईत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, परीक्षेत मराठीत लिवलं तर पास करत्याल का तुमी?"

वर्ग खदखदून हसला. त्यानंच जाऊन मोठ्या मास्तरांना सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच हेडमास्तरांनी बोलावलं. मोठे मास्तर त्यांच्या शेजारी बसले होते.

"आप पढ़ाइए," हेडमास्तर मला म्हणाले. "समझाना इम्तिहान में नहीं आता."

मोठे मास्तर हसले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेचा मला आजही राग आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळा तपासायला शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी, मोहतमीम साहेब, येणार असं कळलं. मी हट्टाला पेटलो. त्यांच्यासमोर मुलांना प्रयोग करून दाखवायचा ठरवलं. बर्फात मीठ मिसळलं की ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं, आणि त्यात साध्या पाण्याची नळी उभी केली तर नळीतलं पाणी थोड्या वेळात घट्ट गोठतं. भर उन्हात, परभणीत. हेडमास्तरांना कल्पना आवडली, आणि त्यांच्यासमोर मोठ्या मास्तरांना नाही म्हणता येईना. "जरूर," ते म्हणाले. "सामान मैं निकाल दूँगा."

बर्फ तेव्हा रेल्वेनं बाहेरून यायचा, भुशात घालून, गोणपाटात बांधून. स्टेशनजवळच्या सोडावाटरवाल्याला आधीपासून सांगून ठेवलं होतं. तपासणीच्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन लादी आणली. रस्ताभर गोणपाटातून पाणी गळत होतं. आधी करून बघण्याइतका बर्फ मिळणं शक्यच नव्हतं.

वर्गात टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं होतं. पातेलं, नळी, उष्णतामापक आणि 'नमक' अशी चिठ्ठी लावलेली बरणी. मोहतमीम साहेब खुर्चीत बसले, बाजूला हेडमास्तर, मागे भिंतीला टेकून मोठे मास्तर. मी बर्फ फोडला, बरणीतली पांढरी पूड ओंजळीनं टाकली, ढवळलं, नळी उभी केली आणि चांगल्या उर्दूत बोलायला लागलो. घरी घोकून आलो होतो.

पारा शून्यापर्यंत उतरला. त्याच्या जरासा खाली गेला आणि तिथंच बसला. मी आणखी पूड टाकली. पारा हलेना. नळीतलं पाणी नळीतल्या पाण्यासारखंच राहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्या वर्गालाच खोकला झाला. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मोहतमीम साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मीठ असतं तर पारा असा अडला नसता. शून्याच्या जवळ थांबतोय म्हणजे पाण्यात कणच पुरेसे मोकळे होत नाहीयेत. मी बरणीत बोट घातलं आणि जिभेला लावलं. तोंड आवळून आलं. तुरटी होती, बारीक कुटलेली.

मी बरणी उचलून मोठ्या मास्तरांसमोर नेली. "चाखून बघा," मी म्हणालो. उर्दू पार विसरलो होतो.

त्यांनी चिमूट घेतली, चाखली, रुमालानं बोटं पुसली आणि दाराशी उभ्या चपराश्याकडे वळले. "ये तूने भरा था?"

चपराशी म्हातारा होता. घरात खाणारी तोंडं बरीच. त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "जी हुजूर."

मोहतमीम साहेब उठले. "मास्टर साहब, नमक तो पहचान लिया कीजिए," एवढं मला म्हणाले आणि चहाला गेले. त्यांना वाट दाखवत मोठे मास्तर पुढे.

मी जिनिंगवाल्याच्या मुलाला म्हणालो, "समोरच्या दुकानातून मीठ घेऊन ये."

"मी काय तुमचा नोकर न्हाई," तो म्हणाला.

मग मी स्वतः गेलो. कोट घातलेला मास्तर भर उन्हात किराणा दुकानाकडे पळतोय हे बघायला दोन वर्ग खिडक्यांत जमले. परत आलो तेव्हा निम्म्याहून जास्त बर्फ वितळला होता. पाणी ओतून दिलं, उरलेले तुकडे फोडले आणि खडेमीठ चुरून टाकलं. या वेळी पारा थांबला नाही. पातेल्याच्या बाहेरून दव गोठून पांढरा थर धरला. थोड्या वेळानं मी नळी काढून उलटी केली. पाण्याचा थेंब पडला नाही.

पोरं उठून टेबलाभोवती आली. जिनिंगवाल्याच्या मुलानं नळी हातात घेतली, ठोकून बघितली.

"बर्फच हाय की," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "पन मास्तर, ज्यांनी बघायचं ते तर गेले."

त्याचं म्हणणं खरं होतं. तपासणीच्या रपटीत प्रयोग फसल्याचं लिहिलं गेलं, आणि मी वर्गात मराठी बोलतो हेही. माझा तबादला पाथरीला झाला, लहान मुलांना हिशेब शिकवायला. निघायच्या दिवशी चपराशी माझी ट्रंक उचलायला आला. "मास्तर, पोटाचा सवाल व्हता," तो म्हणाला. त्याच्यावर मी रागावलो नाही. माझा सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवला होता.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी पाथरीतच होतो. पुढे शाळा मराठी झाल्या आणि विज्ञान मराठीतून शिकवणारे कुठून आणायचे हा प्रश्न पडला, तेव्हा मला परभणीला परत बोलावलं. मोठे मास्तर अजून तिथंच होते. शेरवानी गेली होती, गळाबंद कोट आला होता. आमच्या दोन वर्गांमध्ये पातळ फळ्यांची भिंत होती. पलीकडे ते बोलता बोलता अडायचे, शब्द सापडत नसे, आणि पोरं हसायची. कधी कधी तर खोकायची. मी खडू खाली ठेवून ऐकत असे. मला फार बरं वाटे.

एक दिवस मधल्या सुट्टीत खोलीत आम्ही दोघंच होतो. ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"नुक्ता-ए-इंजमादला मराठीत काय म्हनत्यात हो?"

मी वर पाहिलं. इतकी अस्सल मराठी, सोनपेठच्या अंगाची. आमच्या गावचीच म्हणावी अशी. हा माणूस इतकी वर्षं ही बोली गिळून बसला होता.

"गोठणबिंदू," मी म्हणालो. आणि विचारलंच, "बरणीत तुरटी तुम्हीच भरली होती ना?"

"मीच," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुमी आल्यापास्नं माज्या कानाला तरास व्हायलाय. परत तशी येळ आली तर परत भरीन."

"मग मीही या वेळी आधी चाखून बघेन," मी म्हणालो.

ते कपाळाला आठ्या घालून परतले. घंटा झाली तशी पलीकडच्या वर्गातून त्यांचा आवाज आला. 'गोठणबिंदू' हा शब्द ते पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणून घेत होते आणि पोरं त्यांच्यामागून म्हणत होती. व्याख्या तीच, पाठांतर तेच, फक्त भाषा बदललेली. मी माझ्या वर्गाचं दार लावून घेतलं.

ते निवृत्त झाले तेव्हा शाळेनं समारंभ ठेवला. हारतुरे झाले, भाषणं झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी हेडमास्तरांना स्पष्ट सांगितलं की चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही आणि वाईट बोलण्याचा हा प्रसंग नाही. त्या संध्याकाळी मी समारंभाला न जाता घरी गेलो, हातपाय धुतले, लिंगपूजा केली आणि जेवून घेतलं.