गेटवरच्या तात्यांची लोकर

भरघोस मिशा, खाकी कोट, भिंतीला टेकवलेली काठी आणि हातात विणायच्या सुया. भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या गेटवरचे पहारेकरी तात्या मी पहिल्यांदा पाहिले ते असे. नुकतंच लग्न होऊन मी तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते. मला हसू आवरेना. मान वर न करता ते म्हणाले, "नवीन हाय न्हवं ताई? हसून घ्या. समदीच हसत्यात."

तात्या इंदापूरकडच्या मेंढपाळ घरातले. दुसऱ्या महायुद्धात फौजेतून इटलीला गेले, पायाला गोळी लागली आणि कित्येक महिने तिथल्या इस्पितळात पडून राहिले. तिथल्या एका नर्सने त्यांच्या हातात सुया दिल्या. "गावात आलो तर लोक लय हसली," ते सांगत. "मग थंडी पडली, आन् त्याच लोकांनी अंगाची मापं धाडली."

माझे वडील बारामतीला एकटेच राहत. निवृत्त शिक्षक, त्यात दम्याचा विकार. थंडीत त्यांचे फार हाल होत. त्यांच्यासाठी स्वेटर विणायचा असं मी ठरवलं आणि दुपारी तात्यांच्या घरी कोंडाबाईंजवळ, म्हणजे त्यांच्या पत्नीजवळ, जाऊन बसू लागले; शिकवायचे मात्र तात्या. सायकलच्या तारा घासून तात्यांनी मला सुया करून दिल्या. लोकर त्यांच्या भावाच्या मेंढरांची, तात्यांनी स्वतः कातलेली, काळपट आणि खरखरीत.

तात्या चूक डोळ्यांनी शोधत नसत. डोळे मिटून विणीवरून बोट फिरवत आणि सुटलेल्या टाक्यावर नेमके थांबत. मग सगळं उसवायचं. "एवढंसं तर आहे," असं मी म्हटलं की म्हणत, "थंडीला एवढंसं भोक बी घावतं, ताई." स्वेटरची पुढची बाजू तिसऱ्यांदा उसवली तेव्हा मला रडू कोसळलं. कोंडाबाई पाणी आणायला उठल्या. तात्यांनी मात्र लोकरीचं टोक माझ्या हातात दिलं. "रड पोरी, पर रडत रडत गुंडाळ." त्या दिवसापासून ते मला ताईऐवजी पोरी म्हणू लागले.

संक्रांतीच्या आधी गळ्याचा शेवटचा टाका बंद केला. एक बाही बोटभर लांब झाली होती. तात्यांनी स्वेटर उलटसुलट करून पाहिला. "झ्याक झालाय. बाहीचं वडलास्नी सांगू नगं, त्येंच्या ध्यानात यायचं न्हाय."

पण माझी खरी काळजी वेगळीच होती. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा वडिलांचा नेम. लेकीच्या गावचं पाणीसुद्धा त्यांना चालत नसे; माझ्याकडे येताना ते तांब्यातून घेऊन येत. हे ऐकून तात्यांनी रजा टाकली आणि ते व कोंडाबाई माझ्याबरोबर बारामतीला आले.

वडिलांनी स्वेटर हातात घेतला, वीण निरखून पाहिली आणि घडी करून मला परत दिला. "लेकीच्या घरचा धागा मी अंगावर घालत नाही."

"गुरुजी," तात्या उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "धागा तिच्या घरचा न्हाय. मेंढरं माझ्या भावाची, सूत माझ्या हातचं."

"पण विणलाय तिनं."

"व्हय. पर ते हात तुमच्याच घरचं हायत न्हवं?"

वडिलांनी माझ्या हातातला स्वेटर परत घेतला. मग तो डोक्यातून घातला. "टोचतोय," ते म्हणाले, पण काढला नाही.

पुढच्या महिन्यात ते स्वेटर घालून भवानीनगरला आले आणि माझ्याकडे यायच्या आधी थेट तात्यांच्या घरी गेले. काखेत शाळेतला जुना नकाशा होता. वडिलांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण पुण्यापलीकडे ते गेले नव्हते. तात्या इटली बघून आले होते, पण ती कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघं ओसरीवर नकाशा पसरून बसले. कोंडाबाईंनी चहा आणला. वडिलांनी तो घेतला, आणि ते आल्याचं कळून धावत आलेली मी दारातूनच ते पाहिलं.

मग दर महिन्याला ते यायला लागले. म्हणायला मला भेटायला.

दोन वर्षांनी नोकरी सोडून तात्या आणि कोंडाबाई नरसिंहपूरजवळ आपल्या लेकीकडे राहायला गेले. निघताना मी दोघांच्या पाया पडले. तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या महिन्यात वडील ठरल्याप्रमाणे आले. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत टेकले. मी आत जायला वळले, तसे ते म्हणाले,

"नरसिंहपूरची एसटी किती वाजता असते गं?"