टाकी लागतीच!

दुकानात फोन उचलायचं काम ज्याच्याकडं असतं ना, त्याच्याकडं किस्से आपोआप साचतात. बोअरच्या पाण्यानं गिझरमध्ये क्षार साचतात, तसे. अधूनमधून खरवडून काढले नाहीत तर आपणच फुटायचो!

उद्यमनगरात आबांचं सोलर आणि हीट पंपचं दुकान आहे, तिथं मी फोन घेते. हीट पंप म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशीन, एवढं कळलं तरी बास. आबांची पोरगी पल्लवी डिप्लोमा करून दुकानातच बसते. बाप-लेकीचं भांडण रोज एकाच गोष्टीवरनं. पंपाबरोबर बफर टाकी, म्हणजे गरम पाणी साठवायची जादा टाकी, लागते का?

आबा म्हणणार, "लागतीच!"

पल्लवी म्हणणार, "घर बघून सांगतो." आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात, दचकू नका.

आणि आबांच्या बायकोला, म्हणजे काकींना, घोर वेगळाच. ह्या पोरीचं तोंड असंच चालत राहिलं तर हिचं लग्न जमायचं कसं?

* * *

सुरवातीला आबांनी हौसेनं बोर्ड लावला, 'घरगुती एच.पी. मिळेल'. एच.पी. म्हणजे हीट पंप, हे फक्त आबांना माहीत!

फोनवर फोन. "पाच एच.पी. हाय का?" "साडेसातचा दावा की!"

एक पावणं तर ट्रॅक्टर घेऊनच दारात. आबा म्हणाले, "पावणं, ह्यो पंप पाणी तापवतोय, चढवत न्हाय."

"मंग पंप कशाला म्हणताय? चूल म्हणा की!"

बोर्ड त्याच दिवशी खाली आला.

* * *

'बफर' शब्दानं तर वात आणलाय. एका मावशींना मी फोनवर समजावलं, की पंपाबरोबर बफर टाकी घ्यावी लागेल.

"बफे? आमच्यात पंगत असती बाई. उभ्यानं जेवायचं आमाला जमत न्हाय!"

त्यांच्या नातवानं फोन ओढून घेतला. त्याला बफर बरोबर माहीत होतं, यूट्यूबवरचं. "मॅडम, म्हंजे डोक्याला साबण लावल्यावर पाणी मधीच गोल गोल फिरत बसणार व्हय? नको बा!"

* * *

हुपरीत एका पैंजणवाल्याच्या घरावर पंप बसवला. दुसऱ्याच दिवशी फोन. "ओ ताई, तुमच्या माणसांनी एसी उलटा बसवलाय!"

आता हीट पंप हवेतली ऊब घेतो, म्हणजे मागं गार वारं सोडणारच. पण पावणं ऐकायला तयार नाहीत. "समदा गारवा बाहेर चाललाय. शेजारी बाज टाकून झोपलाय की तितं!"

पल्लवीनं फोन घेतला. "काका, वारं फुकटचं हाय. झोपू दे की."

"अगं पोरी, झोपला असता गं... पर भावकीतला हाय!"

* * *

आबांचा टाकीचा आग्रह उगाच नाही हं. एका बंगल्यात मालक हट्टालाच पेटला, टाकीला जागा नाही, सरळ नळाला जोडा. जोडला. नळ सोडला की पंप चालू, नळ मिटला की बंद. चालू-बंद, चालू-बंद. असं चाललं की मशीनचा जीव जातो. आबा धावत गेले, तर मालकाची म्हातारी आई पंपासमोर उभी.

"उचकी लागलीया ह्येला," म्हातारी म्हणाली. "कोन तरी आठवण काढतंय."

आबा कपाळाला हात लावून बसले. म्हातारी एकेका पाहुण्याचं नाव घेत सुटली. इचलकरंजीच्या नणंदेचं नाव घेतलं आणि नेमका आत कुणीतरी नळ मिटला. पंप गप्प!

"वाटलंच मला! तीच असणार!"

तेव्हापासून आबा कुठल्याही घरात जावोत, बंगला असो नाहीतर दोन खोल्या, टाकी लागतीच.

* * *

मध्ये हातकणंगल्याचं एक स्थळ आलं. पोरगा इंजिनिअर, गोरा, गप्प. पोह्यांच्या ताटलीवरनं पल्लवीनंच विचारलं, "तुमच्यात आंघोळीचं पाणी कशावर तापतं?"

तो म्हणाला, "काय की. आई तापवून, बादली भरून ठेवती."

"मंग तुमाला बायको न्हाय, बफर पायजे!"

ताटल्या तशाच राहिल्या. काकी आठवडाभर पोरीशी बोलल्या नाहीत. मी मात्र आत जाऊन पोटभर हसून घेतलं.

* * *

मग पन्हाळ्याचं स्थळ आलं, आणि ह्या वेळेला गोष्ट वेगळी होती. पोरगा पल्लवीला आवडला होता. मनापासून. माझ्या कानात तिनंच सांगितलं. मला तर भरूनच आलं.

त्यांच्याकडं पावसाळ्यात धुक्यानं सोलर चालेना, म्हणून पंप आबाच बसवणार होते. आम्ही घर बघायला निघालो, तर आबांनी मागनं टेंपोत पंप आणि टाकीसुद्धा घातली! काकींनी मला बजावलं, "तू तिच्या शेजारी बस. तोंड उघडलं की चिमटा काढ."

चहा झाला. पोराचे वडील अंगणात उतरवलेल्या टाकीकडं बघत म्हणाले, "आबासाहेब, ती टाकी लागतीच का हो?"

"लागतीच!"

पल्लवीनं वर बघितलं. मी चिमटा काढला.

"एवढी जागा अडवणार..." ते पल्लवीकडं वळले. "तू शिकलीयास ह्यातलं. तू सांग बाळा."

काकींनी डोळे मिटले. मी दुसरा चिमटा काढला, चांगला जोरात. पल्लवीनं एकदा पोराकडं बघितलं, एकदा बापाकडं. रडायचीच बाकी होती.

"न्हाय लागत," ती म्हणाली. "तुमच्या सोलरचीच टाकी केवढी मोठी हाय. पंप तिलाच जोडायचा. साठवायला काहीच नसतं तर मी पण घ्या म्हणालो असतो."

आबांची कानशिलं लाल झाली. पोरगा बशीकडं बघत बसला. पोराची आई इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. ती उठली, पदर खोचला, अंगणात जाऊन टाकीभोवती एक फेरी मारली आणि दारात येऊन उभी राहिली.

"आबासाहेब, टाकी न्या माघारी. पोरगी तेवढी ठेवून जावा!"