साडेतीनचा दगड

काठीआबांना घड्याळ कळत नव्हतं, पण वेळ कळायची. आमच्या माळावरच्या धावपट्टीशेजारी एक उंच लोखंडी काठी होती आणि तिच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी होती. त्या काठीभोवती आबांनी चुन्यात बुडवलेले दगड मांडले होते. काठीची सावली ज्या दगडावर येईल ती वेळ. पण दगडांना त्यांनी आकडे दिले नव्हते. एक साहेब येण्याचा दगड होता, एक भाकरीचा, एक चहाचा, एक बारामतीहून येणाऱ्या दुपारच्या एसटीचा. दर अमावास्येला आबा ते दगड थोडे थोडे सरकवायचे. मी एकदा विचारलं, "आबा, दगड का हलवता?" तर म्हणाले, "सूर्य हालतो म्हून. तुज्या मनगटावरलं न्हाय हालत, म्हून त्येच्यावर माजा इश्वास न्हाय."

त्यांचं खरं नाव मला उशिरा कळलं. सगळे काठीआबाच म्हणत. जात्याच ते मेंढरांमागचे. माळावर धावपट्टी झाली तेव्हा त्यांनी आपली मेंढरं धाकट्या भावाला, सोपानतात्यांना दिली आणि राखणदाराची नोकरी धरली. डोक्याला लाल पटका शेवटपर्यंत तसाच राहिला. साहेबांनी खाकी टोपी दिली होती, ती आबांनी खोलीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली. "टोपी हापिसाची, डोस्कं माजं," असं म्हणायचे.

धावपट्टीवर एक छोटं विमान होतं आणि पुण्या-मुंबईची चार-सहा मुलं ते चालवायला शिकत. त्यांना शिकवणारे साहेब लष्करातून निवृत्त झालेले होते. वर गेल्यावर वाट कशी ओळखायची, हे साहेब त्या मुलांना नकाशावर इंग्रजीत सांगत. आबा तेच बाहेर कट्ट्यावर बसून आपल्या भाषेत सांगत. "कालवा डाव्या हाताला ठिवायचा. भवानीनगरचं धुराडं नाकासमूर आलं की उजवीकडं वळायचं. उजनीचं पानी दिसाय लागलं तर समजायचं, आपुन चुकलो. आन् काठीवर लाल फडकं आसंल तर ह्या बाभळीच्या वळीपल्याड जायाचं न्हाय. तिकडं मिलिटरीचा माळ हाय." आबा स्वतः कधी विमानात बसले नव्हते. साहेब हसून म्हणत, "माझ्या नकाशापेक्षा ह्यांचं बरं लक्षात राहतं."

एका उन्हाळ्यात एक मुलगा खरोखर चुकला. भवानीनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम संपला होता, धुराड्यातून धूर नव्हता, आणि तो मुलगा धूरच शोधत फिरत राहिला. साहेब रेडिओवर ओरडत होते. आबांनी कुणाला काही न विचारता उसाच्या पाचटाचा ढीग ओढला, त्यावर पाणी मारलं आणि पेटवून दिला. पांढरा धूर उभा राहिला. थोड्या वेळाने उजनीच्या अंगाने विमान आलं. मुलगा उतरला. आबा त्याला म्हणाले, "लेका, धुराडं कुटं पळून गेलं न्हवतं. धूर न्हाय म्हून गाव न्हाय व्हय?"

बाभळीच्या ओळीपलीकडे मोठा उघडा मुरमाड माळ होता. तिथे वर्षातून काही वेळा लष्कराची हेलिकॉप्टरं उतरण्याचा सराव करायला येत. मधे चुन्याचा मोठा गोल आखलेला असे. तो आखायचं काम आबांकडेच होतं. हेलिकॉप्टरं येणार असली की आधी एक कागद येई, त्यावर दिवस आणि वेळ असे. त्या दिवशी आबा तांबडं फुटताना उठून मेंढरं राखणाऱ्यांना, सरपणाला जाणाऱ्या बायांना, सगळ्यांना माळावरून परत पाठवत आणि काठीवर लाल फडकं चढवत. शिकाऊ विमानाला ते फडकं म्हणजे पलीकडे न जाण्याची खूण, आणि खालच्या माणसांना पण तीच खूण. नोकरीतलं बाकी सगळं झाडलोट आणि राखण होती. हे एक फडकं मात्र जिवाचं होतं, आणि आबा ते जाणून होते.

माझी ओळख झाली ती एसटीमुळे. आमची वस्ती माळाच्या खालच्या अंगाला, बागायतीत. वांगी, टोमॅटो, थोडी डाळिंबं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बारामतीला कॉलेजला जायची एसटी धावपट्टीच्या फाट्यावर थांबे, म्हणून मी रोज आबांच्या कट्ट्यावर बसे. ते मला 'कालेज' म्हणूनच हाक मारत. "काय कालेज, आज येष्टी रुसली वाटतं?" वडिलांनी कॉलेजला पाठवलं होतं, पण एका अटीवर. "येक बी तक्रार कानावर आली की दुसऱ्या दिशी घरी बसायचं," असं ते स्पष्ट म्हणाले होते. हे आबांना माहीत होतं. कारण त्या दिवशी मी कट्ट्यावर बसून रडत रडत ते त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी चहा दिला होता.

साहेब नसले की आलेले कागद आबा मला वाचायला देत. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आता लिहिताना लाज वाटते. कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसत असे. इंग्रजीच्या तासाला माझ्यावर प्रश्न येऊ नये म्हणून खाली बघत असे. पण कट्ट्यावर मी वाचणारी होते आणि ऐकणारा माणूस माझ्या प्रत्येक शब्दावर मान हलवत होता.

मी दुसऱ्या वर्षाला असताना, थंडीच्या दिवसांत, साहेब चार दिवस पुण्याला गेले होते. मी दुपारच्या एसटीने उतरले, तेव्हा आबा कागद घेऊन फाट्यावरच उभे होते. "मगाशी मिलिटरीचा डायवर देऊन गेला. बघ बरं." कागदावर दुसऱ्या दिवसाची तारीख होती. हेलिकॉप्टरांचा सराव; तसला कागद माझ्या हातात पहिल्यांदाच आला होता. वेळ शून्य तीन तीस ते शून्य सहा तीस. आकड्यांच्या मागे एक इंग्रजी अक्षर होतं, झेड.

"साडेतीन ते साडेसहा," मी म्हणाले.

"पहाटंचं का?"

मी हसले. "आबा, अंधारात कोण उतरंल माळावर? दुपारचंच."

आबांनी कागद परत हातात घेतला. "हाच्या आदी कंदी दुपारचं आलं न्हाईत. साहेबास्नी फोन लावू का? फाट्यावरनं लागतोय."

"कशाला आबा? स्पष्ट लिहिलंय की."

ते अक्षर मला दिसलं होतं. ते मी टंकलेखनाची चूक म्हणून सोडून दिलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शिकलेलं नव्हतं, म्हणून न कळलेलं कुणाला विचारायची सवयच मला लागली नव्हती. कळलं नाही की पुढे जायचं, अशीच मी तिथवर आले होते.

साडेतीनला त्यांच्याकडे दगड नव्हता. माझ्या हातात बारावी पास झाल्यावर मामाने घेतलेलं घड्याळ होतं. आम्ही दोघं काठीजवळ थांबलो. काटा साडेतीनवर आला तेव्हा सावलीच्या टोकाशी मी माझ्या हाताने दगड ठेवला. आबांनी त्याला चुना लावला. "बरं झालं," ते म्हणाले. "म्हंजे सकाळी सोपानची मेंढरं चरू देतो. लई दिस झालं, तिकडचं गवत तसंच हाय. मी बी सकाळीच गोल आखून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीची वाट बघत फाट्यावर होते. नऊ वाजले होते. आधी आवाज आला. मग बाभळीच्या वरून दोन हेलिकॉप्टरं दिसली, अगदी खाली. काठीवर लाल फडकं नव्हतं. पलीकडे मेंढरं पसरली होती आणि गोलाच्या कडेला आबा पाटीतून चुन्याची फक्की टाकत होते. मी ओरडले. पण मला माझाच आवाज ऐकू आला नाही.

आबा पळाले नाहीत. सोपानतात्या मेंढरांच्या मधोमध होते, आणि पुढचं हेलिकॉप्टर त्यांच्याच अंगावर उतरत होतं. आबांनी डोक्याचा लाल पटका सोडला, गोलाच्या मधे जाऊन उभे राहिले आणि तो दोन्ही हातांनी हलवू लागले. पंख्याच्या वाऱ्याने सगळी ताजी फक्की उठली. पांढऱ्या लोटात आधी आबा दिसेनासे झाले, मग फक्त लाल पट्टा दिसत राहिला, मग तोही दिसेना. हेलिकॉप्टर तसंच वर उठलं आणि वळून गेलं.

धुरळा बसला तेव्हा सोपानतात्या धडधाकट होते. बिथरलेल्या कळपाखाली सात-आठ मेंढरं तुडवली गेली होती. आबा गोलात बसले होते, पटक्यात तोंड खुपसून. आम्ही गेलो तर म्हणाले, "सोपान हाय का?" तात्या म्हणाले, "हाय, दादा." मग म्हणाले, "डोळं पेटल्यात माजं." कुणीतरी पाणी आणलं, पण तोवर चुना डोळ्यांत पार बसला होता. त्या दिवशी साहेब नव्हते, म्हणून शिकाऊ विमान वर गेलं नव्हतं. गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

चार-पाच दिवसांनी चौकशी झाली. लष्कराचे दोन अधिकारी आले, साहेब आले. आबांना बारामतीच्या दवाखान्यातून गाडीत घालून आणलं होतं, डोळ्यांवर पट्टी होती. मी फाटकाशी उभी होते. साहेबांनी तो कागद हातात धरून विचारलं, "आबा, हे कुणी वाचलं? ही वेळ जगाच्या घड्याळाची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. झेड म्हणजे तेच. साडेतीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. मी दर वेळी तुम्हाला आपली वेळ सांगत आलो. मी नव्हतो, तर वाचलं कुणी?"

मला तेव्हा कळलं. माझे पाय हलले आणि चप्पल वाजली. आबांनी पट्टी बांधलेलं तोंड माझ्या बाजूला वळवलं. मग परत साहेबांकडे वळवलं.

"कुनी न्हाय, साहेब. डायवर तोंडी सकाळचं म्हनाला व्हता. माज्या ध्यानात राह्यलं न्हाय."

ज्या माणसाला प्रत्येक अमावास्येचा दगड ध्यानात राहायचा, तो असं म्हणाला. एक अधिकारी हिंदीत पुटपुटला, "ऐसे आदमी को रखते क्यों हैं?" मी काही बोलले नाही. शब्द तोंडापर्यंत आले होते असंही म्हणता येणार नाही. आले नव्हते.

आबांची नोकरी गेली. एक डोळा लगेच गेला, दुसरा पावसाळ्यापर्यंत. सोपानतात्यांच्या खोपटापुढे बाजेवर ते बसून असत. तीन आठवडे मला तिकडे जायचा धीर झाला नाही. गेले तेव्हा पायांजवळ बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"साहेब बोलला तवाच कळलं मला," ते म्हणाले.

"मग तुमी माजं नाव का न्हाय घेतलं?"

"तुजं नाव घेतलं असतं तर माजं डोळं आलं असतं व्हय माघारी? तुजा बा मातर त्याच दिशी तुला घरी बसवता. डायवर तोंडी काय बोलला न्हवता, ते डायवरला सोताला बी ठावं. पन तो बी गप बसला." मग म्हणाले, "मी हाय तवर कुनाला बोलायचं न्हाय."

मी म्हणाले, "मला सहन व्हत न्हाय आबा."

"नगं होऊ दे," ते म्हणाले. एवढंच. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर मी दर रविवारी जात राहिले. विमानाचा आवाज आला की आबा मान वर करत. "कालवा डाव्या हाताला हाय का त्येच्या?" मी बघून सांगे. मग विचारत, "किती वाजलं?" मी वेळ सांगितली की म्हणत, "आपलं का त्येंचं?" पहिल्यांदा ते हसले होते. सोपानतात्यांच्या बायकोला ती थट्टा वाटायची, तीही हसायची. मी दर वेळी सरळ उत्तर द्यायचे, "आपलं, आबा."

दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका आली तेव्हा ती घेऊन गेले. "वाच," म्हणाले. मी विषय आणि गुण वाचले. "खालचं बारीक बी वाच." खाली नियम होते, तिघांच्या सह्यांखाली त्यांची पदं होती, छापखान्याचा क्रमांक होता. सगळं वाचायला लावलं. एक इंग्रजी शब्द मला अडला. मी थांबले. आबाही थांबले. "न्हाय कळत," मी म्हणाले. "मग इचार की कुनाला तरी," ते म्हणाले. सोमवारी मी कॉलेजात गेले आणि इंग्रजीच्या मॅडमना पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला.

आबा या होळीच्या आधी गेले. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. दहाव्याला वस्तीवरची माणसं म्हणत होती, "माणूस सोन्यासारखा, पर त्या दिशी इसरला." मी घरी आले आणि वडिलांना सांगितलं की आबा विसरले नव्हते. ते उठून वांग्यांना पाणी सोडून आले. मग म्हणाले, "परीक्षा दे आदी." साहेब आता इथे नाहीत. त्यांना पत्र लिहिलं आहे, पत्ता बरोबर आहे की नाही माहीत नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपट्टीवर गेले. नवा राखणदार आहे, त्याच्या हातात घड्याळ आहे. दगड तसेच आहेत, चुना उडालेला. मी ठेवलेला दगड मला लगेच ओळखू आला. त्याच्याशेजारी बसून राहिले. घड्याळात साडेतीन वाजले. उन्हाळा लागला होता, सावली आखूड झाली होती. ती दगडापासून चार पावलं अलीकडूनच पुढे सरकत गेली. आबा गेल्यापासून दगड न सरकवता दोन अमावास्या झाल्या होत्या, आणि त्याआधीही त्यांच्या डोळ्यांमुळे कितीतरी.

मी उठले, दगड उचलला आणि सावलीच्या टोकाशी नेऊन ठेवला.