फिक्या काचेचा गॉगल

आमच्याकडे गॉगल डोळ्यांसाठी नसतो, फोटोसाठी असतो. मूल गावातल्या ज्या स्टुडिओत माझा पहिला रंगीत फोटो निघाला, तिथे आरशाशेजारी एक कंगवा, एक पावडरचा डबा आणि एक काळा गॉगल कायम ठेवलेला असे. ज्याला हवा त्याने लावावा आणि फोटो झाला की परत खिळ्याला अडकवावा. तालुक्यातले कितीतरी नवरदेव त्या एकाच गॉगलमध्ये देखणे होऊन गेले. त्याची एक दांडी सैल होती, म्हणून तो पडू नये यासाठी मान जरा वर धरावी लागे. त्यामुळे फोटोत सगळेच रुबाबदार दिसत. माझाही तसा फोटो आहे आणि तो मी अजून फेकलेला नाही.

पुढे मी एस.टी.त ड्रायव्हर म्हणून लागलो. चंद्रपूरच्या बस स्टँडसमोर एक माणूस उघडलेल्या छत्रीला गॉगल टांगून विकायचा. काच अस्सल आहे हे दाखवायला तो लायटर पेटवून काचेखाली धरत असे. काच काळी पडत नसे, कारण ती आधीच काळी होती. तळहाताएवढ्या आरशात मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. माझ्या अटी तीनच होत्या. गॉगल काळा असावा, मोठा असावा, आणि समोरच्याला त्यात त्याचंच तोंड दिसावं. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. ऊन हा विषय माझ्या मनात होता, पण चौथ्या नंबरवर.

घरी बायकोने पाहिलं आणि म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झाला तुमचा." माझं नाक बसकं आहे, आमच्या घरात सगळ्यांचंच आहे. तो गॉगल लांब, उभ्या नाकाच्या माणसासाठी घडवलेला होता. घाम आला की घसरायचा, रस्त्यात खड्डा आला की घसरायचा. मी एका बोटाने तो वर ढकलत गाडी चालवायचो आणि त्यातही आपण ऐटदार दिसतो असं मला वाटायचं.

माझी ड्यूटी तेव्हा सकाळची होती, चंद्रपूरहून मूलकडे. म्हणजे सूर्य सरळ तोंडावर. शहर सुटलं की जंगल लागतं. मार्च-एप्रिलमध्ये साग बोडका असतो, त्यामुळे कोवळं ऊनही झाडांच्या खोडांमधून पट्ट्यापट्ट्यांनी येतं आणि डोळे मिचकावून मिचकावून दमतात. मग एका नाल्याचं वळण येतं. तिथे रस्त्याच्या एका बाजूला जुन्या चिंचा आणि आंबे आहेत, ते कधी बोडके होत नाहीत. त्यांच्याखाली सकाळीही अंधारल्यासारखं असतं. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला मोहाची झाडं. त्या हंगामात जवळच्या गावातल्या बाया पहाटेपासून मोहफुलं वेचतात, टोपलीत भरतात आणि रस्ता ओलांडून चिंचेच्या सावलीत निवडत बसतात. दिवसाच्या कितीतरी खेपा.

एका सकाळी मी भर उन्हातून त्या सावलीत शिरलो आणि मला काहीच दिसेना. दोन-तीन सेकंदांचीच गोष्ट. काळ्या काचेतून उजेड मुळात कमी येत होता, सावलीत तोही गेला. ते सरलं तेव्हा समोर डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी होती. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती मागे पडली आणि फुलं सगळ्या रस्त्यावर पसरली.

ती ओरडली नाही. उठली, लुगडं झटकलं आणि माझ्या खिडकीखाली येऊन माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"डोळे झाकून काऊन चालवून राह्यला, बाबू?" एवढंच म्हणाली.

कंडक्टर उतरला, दोन प्रवासी बायाही उतरल्या आणि त्यांनी फुलं वेचून तिच्या टोपलीत भरली. मी उतरलो नाही. प्रवाशांना वाटलं, ड्रायव्हरला माज आहे. खरं म्हणजे मी फार घाबरलो होतो. त्या दिवशी मूलला पोचल्यावर मी गॉगल पिशवीत टाकला आणि घरी आल्यावर ट्रंकेत, हिवाळ्याच्या कपड्यांखाली. बायकोने विचारलं तर सांगितलं, घसरते फार.

त्यानंतर दोन उन्हाळे मी उघड्या डोळ्यांनी गाडी चालवली. उन्हाळे तरी सोपे म्हणायचे. दिवाळीनंतर धानाची मळणी सुरू झाली की रस्त्यावरच्या हवेत बारीक तूस उडतं, आणि मूलला राईस मिलच्या बाजूने वारा आला की काळी राख येते. ड्रायव्हरच्या खिडकीला काच असते, पण आमच्याकडे ती लावून बसणारा ड्रायव्हर मी पाहिला नाही. डोळे संध्याकाळी लाल व्हायचे, सकाळी पांढरे व्हायचे. मग सकाळीही लाल राहू लागले. एक दिवस दाढी करताना दिसलं की डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांसाचा एक पातळ पडदा बुबुळाकडे सरकतो आहे.

डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, ऊन, धूळ आणि वारा यांनी मांस वाढलंय. आत्ता काही करायचं नाही, पण ते बाहुलीपर्यंत गेलं तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन करूनही पुन्हा वाढतं. थेंब लिहून दिले. बाहेर असेन तेव्हा गॉगल, आणि तो फुटपाथवरचा नाही.

आमच्या नोकरीत बाकी सगळं एका बाजूला आणि डोळे एका बाजूला. डोळ्यांची तपासणी होते आणि तीत नापास झालेल्याचं स्टिअरिंग जातं. आमच्या डेपोत असा एक ड्रायव्हर होता. त्याला आतलं काम दिलं होतं, पण प्रत्येक गाडी फाटकातून निघताना तो हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत उभा राहायचा. मला त्याच्या शेजारी उभं राहायचं नव्हतं. तरी मी आठ दिवस गॉगल घ्यायला गेलो नाही.

बायको म्हणाली, "हौस होती तवा डॉक्टर नाई लागला. आता डॉक्टर सांगून राह्यले, तं लाज वाटते का?"

तेव्हा मी तिला त्या म्हातारीचं सांगितलं. दोन वर्षांनी पहिल्यांदाच. ती उठून ट्रंकेकडे गेली. मग म्हणाली, "मंग चांगला पाहून घ्या. मी येते संग." आणि ट्रंकेतला जुना गॉगल काढून तिने पिशवीत टाकला.

चष्म्याच्या दुकानात एक मुलगी होती, आमच्या मुलीच्या वयाची. तिने मला आरसा दिला नाही. आधी विचारलं, "भाऊ, कोणत्या रस्त्यावर चालवता?" हा प्रश्न छत्रीवाल्याने विचारला नव्हता. मी सांगितलं, ऊन, मग सावली, मग ऊन. तिने जुना गॉगल मागितला. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन एका नोटेवर निळसर प्रकाशाची छोटी बॅटरी धरली, तशी नोटेवरची एक रेघ चमकायला लागली. मग बॅटरी आणि नोट यांच्यामध्ये तिने माझी काळी काच धरली. रेघ तशीच चमकत राहिली. मग तिने दुकानातली एक काच धरली, जिच्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं. रेघ विझली.

"डोळ्याले बाधते तो उजेड ह्या बॅटरीतला, तो आपल्याले दिसत नाई," ती म्हणाली. "काच काळी असली म्हणून तो अडत नाई. उलट काळ्या काचेमागं बाहुली मोठी होते आणि तो जास्तीच आत जाते."

म्हणजे तो गॉगल लावला तेवढे दिवस मी डोळ्यांचं दार उघडून देऊन वर पडदा ओढून बसलो होतो. बायको माझ्याकडे पाहत होती. मी नोटेकडे पाहत राहिलो.

मग त्या मुलीने फ्रेम निवडली, त्याला अर्धा तास गेला. धातूची दांडी नको, इंजिनाच्या गरमीने कान भाजतात. नाकावरच्या गाद्या तिने बसक्या नाकासाठी आत वळवल्या. मला खाली वाकून डोकं हलवायला लावलं, मग हसायला लावलं, कारण हसताना गाल फ्रेमला वर ढकलत असतील तर ती फ्रेम मोठी. मला हसू येत नव्हतं. बायकोने स्टुडिओतल्या फोटोची आठवण काढली, तेव्हा आलं. बाजूने धूळ शिरू नये म्हणून दांड्या रुंद, आणि काच तपकिरी, कारण तपकिरीतून सावलीतलं जास्त स्पष्ट दिसतं.

आणि दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर चिंचेच्या खोडाच्या भेगाही मला मोजता आल्या असत्या. मोहाचा हंगाम सुरू होता. ती म्हातारी टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. मी तिला लांबूनच पाहिलं, गाडी हळू केली, जवळजवळ थांबवली आणि हाताने खूण केली, या.

ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाकीच्या बाया पळत पळत जायच्या. ही मात्र बसची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत मोहाच्या खोडाला टेकून उभी राहायची. कंडक्टर म्हणायचा, "चाल ना भाऊ, ते नाई येत." मी तापट माणूस आहे. डोळा दाखवला, दुकान गाठलं, रेघ विझवून घेतली, आणि एवढं करूनही ही बाई मला दोन वर्षांपूर्वीचाच ड्रायव्हर समजते, याचा मला राग आला. आठवड्याभराने मी गाडी बाजूला घेतली आणि उतरलो.

"बाई, मी थांबतो, तं तुम्ही काऊन जात नाई?"

तिने मला ओळखलं होतं. म्हणाली, "तुले मी दिसते का?"

"दिसता ना. लांबूनच दिसता. हा गॉगल दुसरा आहे, डॉक्टरानं सांगितलेला."

"तुले दिसते, ते ठीक. पण तू मले पाह्यलं, हे मले कसं समजाव?"

ती समजावून सांगू लागली, लहान मुलाला सांगावं तसं. त्यांच्या गावातले लोक हॉर्न ऐकून रस्ता ओलांडत नाहीत, गाडीचा वेगही बघत नाहीत. ड्रायव्हरचे डोळे बघतात. डोळे आपल्यावर आले की निघायचं. "त्या दिशी तुह्या काचेत मीच मले दिसली," ती म्हणाली. "मले वाटलं, पाहूनच राह्यला हा. म्हणून निघाली. आता डोळे दिसल्याबिगर नाई निघत. वाघ असो का गाडी, डोळे दिसल्याबिगर पाठ नाई दाखवाव."

गाडीतून कोणीतरी ओरडलं की उशीर होऊन राह्यला. मी परत जाऊन स्टिअरिंगवर बसलो. दोन वर्षं मी समजत होतो की चूक मला न दिसण्याची होती. तिचीही एक बाजू होती, आणि ती मी तिला कधी विचारली नव्हती.

गॉगल काढून चालवावं तर डावा डोळा जाणार, आणि डोळ्याबरोबर स्टिअरिंग. लावून चालवावं तर ती तिथेच उभी. सुट्टीच्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. म्हणालो, फ्रेम हीच ठेवा, छान बसली आहे. काच अशी पाहिजे की बाहेरच्याला माझे डोळे दिसावे.

मुलगी हसली. "लोक डोळे दिसू नाई म्हणून गॉगल घेते, भाऊ."

तिने खणातून काचा काढल्या आणि एकेक धरून पाहिल्या. शेवटी जी पसंत केली, तिचा रंग बिनदुधाच्या फिक्या चहासारखा होता. बॅटरी धरली, रेघ विझली. डोळ्याचं रक्षण तेवढंच होईल, ती म्हणाली, पण लखलखाट पहिल्याइतका कमी होणार नाही, टोपी घालत जा. मी पुढे डोळ्यांवर सावली धरणारी झाप असलेली टोपी घेतली.

डेपोत त्या गॉगलची नव्याची नवलाई नऊ दिवसही टिकली नाही. एकाने विचारलं, चहा सांडला का काचेवर. दुसरा म्हणाला, हा तर मोतीबिंदूवाल्या बुढ्याचा चष्मा. कंडक्टर दोन दिवस माझ्याकडे बघून नुसताच हसत होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चांगलं दिसावं ही हौस पन्नाशीला गेली नाही, आणि ती जाते असं जे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. डॉक्टर मात्र पुढच्या खेपेला म्हणाले की पडदा होता तिथेच आहे.

दुकानातून काच बदलून आली त्याच आठवड्यातली सकाळ. नाल्याचं वळण. ती मोहाखाली टोपली घेऊन उभी होती. मी गाडी थांबवली, टोपीची झाप वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. हाताने खूण केली नाही. तिने मान थोडी वाकडी केली आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मागे गाडीत कोणीतरी कंडक्टरला विचारत होतं की काऊन थांबली.

मग ती वळली. माझ्या गाडीकडे पाठ केली आणि न पळता, रस्ता ओलांडून चिंचेच्या सावलीपर्यंत सावकाश चालत गेली.