सान फ्रान्सिस्कोच्या विमानातली संकष्टी

"दुपारी दोनला निघायचं, संध्याकाळी साडेपाचला पोचायचं. साडेतीन तास," सरोजाक्का तिकिटाचा प्रिंटआउट टेबलावर ठेवत म्हणाल्या. "त्या दिवशी संकष्टी आहे. रात्री तिथे चंद्र बघून जेवीन."

सरोजाक्का म्हणजे आमच्या मालकांच्या, अण्णांच्या पत्नी. बेंगळुरूच्या जयनगरमधल्या अण्णांच्या ट्रॅव्हल एजन्सीत मी काम शिकले. ते गेल्यावर एजन्सी मी चालवते. हे तिकीट मात्र जावयाने सान फ्रान्सिस्कोहून ऑनलाइन काढलं होतं.

"अक्का, साडेतीन नाही. सोळा तास."

"तुझे अण्णा म्हणायचे, तिकिटावर छापलंय तेच खरं."

"खरंच आहे. पण निघायची वेळ इथली, पोचायची तिथली. तिथलं घड्याळ साडेबारा तास मागे."

अक्कांनी बोटांवर तास मोजले. तिथल्या चंद्रोदयापर्यंत थांबायचं तर उपास एका दिवसाच्याही वर जात होता. त्यांना डायबेटिस. इथल्या रात्री नऊपर्यंत डॉक्टर कसेबसे चालवून घेतात. तारीख बदलता येत नव्हती, कारण लगेच दुसऱ्या दिवशी मुलीचं सिझेरियन होतं.

"मग विमानात खाऊन घ्या."

"चंद्र न बघता? लग्न झाल्यापासून एक संकष्टी मोडली नाही. आणि आता, मुलीच्या बाळंतपणाला जाताना मोडू?"

"आणि तिथे पोचून तुम्हीच हॉस्पिटलात पडलात तर?"

"स्वल्प विचार कर की. अण्णांनी काढली असती वाट."

मी कपाटातून अण्णांचा पृथ्वीगोल काढला. कंप्युटर यायच्या आधी कुणी अंतर विचारलं की अण्णा गोलावर दोरा ताणून दाखवायचे. दोरा अजून गोलालाच गुंडाळलेला होता. अक्कांनी तो चिमटीत धरला.

"पूजेच्या फुलांचा आहे हा. पुडीचा दोरा रोज खिशात घालायचे. मला कधी सांगितलं नाही कशाला ते."

मी बेंगळुरूहून सान फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला. तो चीन, सायबेरिया करत पार उत्तरेला आर्क्टिकपर्यंत चढला आणि मग खाली उतरला. हे सगळ्यात कमी अंतर. पण विमान कमी वेळाचा रस्ता धरतं, आणि तो वाऱ्यावर ठरतो. म्हणून ओळखीच्या डिस्पॅचरला फोन केला. विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवणारा तो डिस्पॅचर.

"जपानवरून पॅसिफिक, मॅडम," तो म्हणाला. "लांब पडतं, पण वारा पाठीमागून मिळतो. वेळ वाचतो."

म्हणजे विमान पूर्वेला जाणार. पूर्वेला रात्र लवकर, चंद्रही लवकर.

"अक्का, आपल्या घड्याळात नऊ वाजायच्या आत चंद्र दिसेल. उजवीकडची खिडकी घेते, पंखाच्या पुढची. ढग तर खालीच राहतात."

"नक्की?"

"नाही दिसला तर नऊला खायचं. कबूल?"

त्यांनी दोऱ्याकडे बघितलं. "सरी. कबूल."

त्या पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. नात झाली होती, दोघी बऱ्या होत्या.

"आणि चंद्र?"

"दिसला. बेंगळुरूसारखा वर नाही, अगदी शेजारी. हातातल्या घड्याळात आठही वाजले नव्हते. डब्यातला मोदक खाल्ला, एक एअर होस्टेसला दिला. आणि गंमत ऐक, लेकीच्या घरी पोचले तर रात्री पुन्हा उगवला. जावई विचारतो, आई, आता परत उपास?"

"मग?"

"पोटभर जेवून झोपले."

हल्ली तिकिटं सगळे फोनवरच काढतात. दोन विमानतळांमधलं अंतरही फोन सांगतो. तरी परदेशी निघालेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते: त्या दिवशी उपास आहे का? दोरा पुन्हा गोलाला गुंडाळून ठेवला आहे.